अंतर दोनशे ऐंशी, वेळ पन्नास मिनिटं

“विचारलं तेवढंच सांगायचं. अंतर विचारलं तर अंतर, वेळ विचारली तर वेळ. आपण चौकशीची खिडकी आहोत, ज्योतिषी नाही.”

जुन्या साहेबांचं हे सांगणं तिनं विमानतळावरच्या चौकशीच्या खिडकीत बसून सव्वीस वर्षं पाळलं होतं. म्हणूनच त्या सकाळी एका म्हाताऱ्यानं खिडकीशी वाकून “बाई, दहाच्या विमानानं किती वेळात पोचेन?” असं विचारलं, तेव्हा तिनं वर न बघताच सांगितलं, “अंतर दोनशे ऐंशी किलोमीटर. पन्नास मिनिटं.”

म्हातारा तिथंच टेकून फोनवर बोलू लागला.

“अगं, पन्नासच मिनिटं. ऑपरेशन बाराला ना? मी अकराला तुझ्या उशाशी. डोक्यावर हात ठेवल्याशिवाय तुला आत पाठवणार नाही, शब्द दिला.”

तिच्या हातातलं पेन थांबलं. विमान उतरायचं ते डोंगरापलीकडच्या माळावर. तिथून गावात यायला घाटाचे तीन तास. तिची थोरली बहीण त्याच गावात राहायची. “तुझी पन्नास मिनिटं माझ्या दारात येईपर्यंत चार तासांची होतात गं,” असं ती कितीदा म्हणाली होती. दोघी हसायच्या. पण खिडकीतून हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं.

ती खुर्चीवरून उठली. म्हातारा तपासणीच्या रांगेत होता.

“काका, थांबा जरा. माझं चुकलं.”

त्यानं सगळं ऐकून घेतलं. रागावला नाही, तेच तिला जास्त लागलं.

“मी लेकीपर्यंत पोचायचं विचारलं होतं, बाई. आता तिला कळवलं तर ती ऑपरेशनलाच नको म्हणेल. मुलखाची भित्री आहे. आणि तिथं तिचं दुसरं कुणी नाही.”

“तुम्ही विमानात बसा. बारा वाजायच्या आत तिच्याजवळ आपलं माणूस असेल.”

बोलून गेली आणि मग तिनं कागद पुढं केला. म्हाताऱ्यानं हॉस्पिटलचं नाव, मजला, खाटेचा नंबर त्यावर लिहून दिला.

खिडकीत परतून तिनं थोरल्या बहिणीला फोन लावला. “ताई, गुडघे कसे आहेत?”

“सकाळी सकाळी गुडघ्यांची चौकशी? काय गळ्यात मारायचंय ते बोल.”

तिनं सांगितलं.

“आणि मी कोण म्हणून सांगू त्या पोरीला?”

“तुझ्या बाबांनी पाठवलंय म्हण. ते वाटेत आहेत म्हण.”

“हात?”

“तूच ठेव.”

“मजला कितवा?”

“तिसरा.”

“लिफ्ट बंद असली तर तुझ्या नावानं बोटं मोडत चढेन,” बहीण म्हणाली आणि रिसीव्हर जागेवर न ठेवता तसाच टेबलावर टाकून गेली.

खिडकीसमोर दोघंतिघं येऊन उभे राहिले होते. ती फोन कानाला लावून बसली. पलीकडे चपला सरकल्या, कडी वाजली. मग बहिणीच्या घराचा जिना उतरणारं एक पाऊल, थोडं थांबणं, दुसरं पाऊल.