मला भंगार म्हणू नका

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे. जुनी म्हणा, हवं तर खटारा म्हणा. पण भंगार हा शब्द मी ऐकून घेत नाही.

कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा मी गडद हिरवी होते. मला घरी आणणारे बाबा छापखान्यात कामाला होते. त्यांच्या बोटांची शाई माझ्या स्टिअरिंगला लागायची. त्यांची दोन्ही मुलं माझ्या मागच्या सीटवर भांडत भांडत मोठी झाली. थंडीत मी सगळ्यांना ऊब देत असे. इंजिन तापलं की त्यातलं गरम पाणी डॅशबोर्डमागच्या एका छोट्या जाळीत येतं, पंखा त्यावरून हवा फुंकतो, की झालं. तेव्हा पाहुणेसुद्धा माझं कौतुक करत. मग मुलाने परगावी नवी गाडी घेतली, बाबांनी गाडी चालवणं सोडलं आणि मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. माझं पाणी बदलायचं कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. आत गंज साचत गेला.

पुढे बाबांची मूत्रपिंडं निकामी झाली. यंत्राने रक्त शुद्ध करून घ्यायला एक दिवसाआड रुग्णालय गाठावं लागे. घरी शिवणकाम करणाऱ्या लेकीने मला पुन्हा रस्त्यावर काढलं. परतताना बाबांना हुडहुडी भरायची आणि माझा हीटर नुसता गार वारा सोडायचा. दोन घोंगड्या पांघरूनही त्यांचे दात वाजत.

एकदा घरी पोचल्यावर ते म्हणाले, "पुरे झालं. परवा मी येणार नाही."

"न जाऊन कसं चालेल, बाबा?"

"नाही चाललं तर नाही. असं कुडकुडत जगण्यापेक्षा ते बरं."

मित्रांनो, ज्या माणसाने मला चालवलं तोवर कधी धुळीत ठेवलं नाही, तो माझ्यामुळे जिवावर उदार झाला होता. मला स्वतःचा असा संताप आला की काय सांगू!

गॅरेजवाला म्हणाला, "अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागेल. कशाला हिच्यामागे लागता?" मुलगा फोनवर म्हणाला, "भंगारात दे ती. मी महिनाअखेर येतो, मग बघू."

"दादा, बाबांना परवा जायचंय," एवढं बोलून लेकीने फोन ठेवला आणि माझं बॉनेट उघडलं.

इंजिन तापू दिलं. शाल गुंडाळून बाबा पायरीवर येऊन बसले. राहवलं नाही त्यांना.

"हीटरचे दोन पाइप आहेत बघ, त्यांना हात लाव. जपून."

"एक चटका देतोय. दुसरा गार आहे."

"म्हणजे पाणी आत जातंय, पण बाहेर येत नाही. जाळी तुंबली आहे. उलट्या बाजूने पाणी सोड."

मी गार होईपर्यंत ती थांबली. मग तिने दोन्ही पाइप सोडवले आणि नळाची नळी उलट्या बाजूने लावली. आधी काहीच येईना. इतक्या वर्षांचा गंज सहजासहजी थोडाच सुटतो! मीही हट्टाला पेटले. भसकन तांबडा चिखल उडाला, थेट तिच्या पायांवर. ती तशीच उभी राहिली, स्वच्छ पाणी येईपर्यंत. मग पाइप जोडून तिने नवं पाणी भरलं आणि इंजिन चालवून त्यातली हवा काढली.

ठरल्या दिवशी बाबा आले. कुरकुरत, पण आले. परतताना मी माझी सगळी ऊब त्यांच्या पायांवर सोडली. वळणावर त्यांनी एक घोंगडी बाजूला केली. पुलापाशी दुसरी.

"अगं, उकडतंय," ते म्हणाले. "काच जरा खाली घे."

लेकीने काच खाली केली. तिचे डोळे भरले होते.

मित्रांनो, जुनी वस्तू कुरकुरली तर तिला लगेच टाकू नका. आधी तिच्या आत डोकावा, तिची निगा राखा. आणि मला न्यायला भंगारवाला आलाच, तर त्याला सांगा, परवा ये. परवा आला, तर सांगा की गाडी बाबांना घेऊन बाहेर गेली आहे.