ब्रेक नसलेली बाजू

बायकोनं डिझेलची ऑटोमॅटिक गाडी मागितली, तेव्हाच कुठंतरी पाणी मुरतंय हे मला कळायला हवं होतं. जुनी चालेल, लहान चालेल, रंग कुठलाही चालेल, पण डिझेलच हवी आणि ऑटोमॅटिकच हवी. आणि हे कोण बोलत होतं? तर जिला आजवर सगळ्या गाड्या 'ती पांढरी' आणि 'ती लाल' एवढ्याच ठाऊक होत्या, ती बाई.

मी उभा जन्म ड्रायव्हिंग स्कूल चालवलं. डावीकडच्या सीटवर बसायचं, तिथं बसवून घेतलेल्या जादा ब्रेकवर पाय ठेवायचा आणि उजवीकडच्या माणसाला क्लच-गियर शिकवायचं. पहिल्या दिवशी प्रत्येकाला माझं एकच वाक्य: "उद्या सकाळी. आणि पायात चपला नकोत." गावातली निम्मी माणसं मला अजून मास्तर म्हणतात. अशा माणसाच्या दारात बिनक्लचची गाडी म्हणजे पट्टीच्या पोहणाऱ्याच्या पाठीला डबा बांधण्यातला प्रकार. समोरच्या चौकात माझीच एक जुनी विद्यार्थिनी हल्ली बायकांना ऑटोमॅटिकवर शिकवते. मी त्याला शिकवणं म्हणत नाही.

"ऑटोमॅटिक कशाला?" मी विचारलं.

"तुमच्या गुडघ्यांसाठी."

"माझ्या गुडघ्यांना काय धाड भरलीय?"

"आज नाही भरली. उद्याचं कुणी बघितलंय?"

"आणि डिझेल? लांब पळणाऱ्याला डिझेल परवडतं. आपण बाजार सोडून जातो कुठं?"

"जाऊ की," ती म्हणाली आणि मशीनवर बसली. ती कपडे शिवते. मशीन सुरू झालं की तिला प्रश्न ऐकू येत नाहीत.

तिला मात्र मी गाडी शिकवली नव्हती. लग्नानंतर एकदा बसवली होती. पहिल्याच वळणाला तिनं कुंपण गाठलं, मला जे बोलायचं ते मी बोललो आणि ती उतरून चालत घरी गेली. तो विषय त्या दिवशीच संपला, असं मी धरून चाललो होतो.

आणि खरं सांगायचं तर मला गाडी नकोच होती. माझ्या दोन्ही डोळ्यांत मधोमध एक धुरकट ठिपका आलाय. आजूबाजूचं सगळं दिसतं, पण जे बघायचं ते नेमकं त्याच्या मागं जाऊन बसतं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "मास्तर, स्टिअरिंगला हात लावायचा नाही. आणि मोठ्या शहरातल्या दवाखान्यात दर महिन्याला इंजेक्शन घ्यायचं, नाहीतर आहे तेवढंही जाईल." घरी येऊन मी सांगितलं, चष्म्याचा नंबर वाढलाय. झाकली मूठ सव्वा लाखाची. मास्तरला दिसत नाही, हे एकदा गावात झालं की मास्तर संपला. इंजेक्शनचं बघू पुढं, असं म्हणत मी दिवस ढकलत होतो.

म्हणजे मला काय करायचं होतं बघा. बायकोच्या देखत जुनी गाडी तपासायची, चालवून बघायची, आणि मला दिसत नाही हे तिला कळू द्यायचं नाही. मी ठरवलं, गाडी कानानं, नाकानं आणि हातानं तपासायची. चालवायची वेळ आली तर गल्लीच्या टोकापर्यंत हळू न्यायची आणि 'गियरबॉक्स गेलाय' म्हणून परत आणायची. मास्तरच्या शब्दावर कोण बोलणार?

गाडी दातांच्या डॉक्टरांची होती. ते मुलाकडे परदेशात चालले होते, कायमचे. भला माणूस. बॉनेट उघडतानासुद्धा "हं, जरासं, आता झालंच" असं पुटपुटत होते.

मी आधी बॉनेटवर हात ठेवला होता. थंडगार. हे बरं लक्षण. लबाड माणूस गिऱ्हाईक यायच्या आधी इंजिन तापवून ठेवतो, म्हणजे थंडीतली खोकल्याची उबळ आपल्याला ऐकू येत नाही. मी ऑइलची पट्टी ओढून बोटांत ऑइल चोळून बघितलं, वास घेतला.

"काळं आहे," बायको शेजारून म्हणाली. "पण डिझेलचं काळंच असतं ना?"

मी तिच्याकडे वळून बघितलं. ठिपक्यामुळं तिचा चेहरा काही दिसला नाही, नुसते केस दिसले.

"तुला कुणी सांगितलं?"

"असंच," ती म्हणाली.

मी ड्रायव्हरच्या सीटवर बसलो. चावी अर्धी फिरवली. डिझेल गाडीला समोर एक पिवळा दिवा लागतो, तो विझला की मग चावी पुढं फिरवायची. मला समोर नुसता धुरळा दिसत होता. मनात अंदाजानं मोजावं असं ठरवत होतो, तोच खिडकीशी उभी असलेली बायको म्हणाली, "विझला."

मी चावी फिरवली. इंजिन एका दमात लागलं, जरा खडखडलं आणि बसलं. माझं डोकं मात्र बसेना. हिला पिवळा दिवा कसा माहीत?

"किलोमीटर बासष्ट हजार," ती आत वाकून म्हणाली. मी विचारलं नव्हतं. मग ती मागं गेली. "धूर थोडा पांढरा आला. आता गेला. निळा अजिबात नाही."

माझी तर सोयच होत होती. मला जे दिसणार नव्हतं ते सगळं ही मोठ्यानं वाचून दाखवत होती. पण ही सोय आपोआप कशी होतेय, ते कळेना. डॉक्टर म्हणाले, "काकूंना गाड्यांतलं बरंच कळतं, मास्तर. तुमची शिकवण." मी "हं" केलं. दुसरं करणार काय?

ब्रेक दाबून मी दांडा पार्कवरून रिव्हर्सला घेतला, मग ड्राइव्हला. ऑटोमॅटिकमध्ये इथंच खरं-खोटं कळतं. दांडा टाकला की गियरनं लगेच पकडायला हवं, आणि धक्का बसायला नको. या गाडीनं पकडलं, झोपेतल्या माणसानं चादर ओढून घ्यावी इतकं शांतपणे. मला जरा वाईटच वाटलं. काहीतरी खोट निघायला हवी होती.

मी गाडी बंद केली, चावी डॉक्टरांकडं दिली, खाली उतरून उगाच टायरवर एक लाथ मारली आणि डॉक्टरांना म्हणालो, "चला, एक चक्कर मारू." हात पुढं केला. डॉक्टरांनी चावी पुढं केली. आणि मधल्या मध्ये ती बायकोनं घेतली.

"मी चालवते," ती म्हणाली.

"काय चालवतेस?"

"गाडी. तुम्ही डावीकडं बसा."

मला वाटलं, ती थट्टा करतेय. डॉक्टर मागच्या सीटवर बसलेसुद्धा. लायसन्स आहे का, हे मी विचारायच्या आतच तिनं ते पर्समधून काढून डॉक्टरांच्या हातात दिलं होतं, दुकानात पिशवी द्यावी तसं. तिनं सीट पुढं घेतली. आरसा फिरवला. पट्टा लावला. मी उभाच होतो.

"अहो, बसताय ना?"

मी बसलो.

गाडी गल्लीतून निघाली. मी पाय रोवून ब्रेक दाबला. तिथं ब्रेक नव्हता, नुसती चटई होती. बाजाराच्या कोपऱ्यावर एक सायकलवाला मध्ये आला, मी पुन्हा दाबला. हातगाडीच्या शेजारून जाताना पुन्हा.

"पाय आवरा," ती समोर बघत म्हणाली. "त्या बाजूला ब्रेक नाही."

डॉक्टर मागून म्हणाले, "काकूंचा पाय फार हलका आहे." हलका असणारच. सगळा जन्म शिलाई मशीनच्या मोटरवर पाय ठेवून गेला. कापड किती सरकवायला किती दाबायचं, ते त्या पायाला पाठ आहे. हे माझ्या तेव्हा लक्षात आलं, आणि लक्षात आलं म्हणून राग आला.

मग एकेक आठवायला लागलं. गेले दोनेक महिने ही सकाळी फिरायला जायची, तास दीड तासानं यायची आणि कपाळावर घामाचा टिपूस नसायचा. चपला सोडून पातळ तळाचे बूट घ्यायला लागली होती. एकदा मी विचारलं होतं, फिरून वजन कसं उतरत नाही, तर म्हणाली, उतरेल. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. घरात मास्तर बसलेला, आणि बाई चौकातल्या त्या ऑटोमॅटिकवालीकडे शिकतेय. पण का? माझ्यावर सूड? या वयात? मला काहीच थांग लागेना.

पाण्याच्या टाकीचा चढ आला. तिनं मध्यावर गाडी थांबवली, चढावर धरते का ते तपासायला. ब्रेकवरून पाय काढला, गाडी मागं आली नाही. हे कुणी शिकवलं असेल ते उघड होतं, कारण त्या पोरीला मीच शिकवलं होतं. तेवढ्यात डॉक्टरांचा फोन वाजला. कुणाची तरी दाढ ठणकत होती. ते खाली उतरून बोलत लांब गेले.

गाडीत आम्ही दोघंच. इंजिन चालू.

"काय चाललंय हे?" मी म्हणालो. "मला काही म्हणजे काही कळत नाहीये. तू गाडी चालवतेस. डिझेल पाहिजे, ऑटोमॅटिक पाहिजे. जायचंय कुठं तुला?"

"डोळ्यांच्या दवाखान्यात," ती म्हणाली. "दर महिन्याला. जाऊन-येऊन अख्खा दिवस रस्ता आहे, म्हणून डिझेल. क्लचची गाडी मला या वयात जमली नसती, म्हणून ऑटोमॅटिक."

काच खाली होती आणि डॉक्टर कुणाला तरी मिठाच्या पाण्यानं गुळण्या करायला सांगत होते.

"दवाखान्यातून घरी फोन आला होता," ती म्हणाली. "पेशंट आले नाहीत म्हणून. आणि फोन आला नसता तरी... तुम्ही चहा कपाच्या बाहेर ओतता. ओटा कोण पुसतं?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोललात?"

मला लाज वाटली आणि भीतीही वाटली, आणि दोन्हींतली कुठली जास्त होती ते सांगता येणार नाही. शेवटी जे तोंडात आलं ते बोललो.

"सगळं तूच बघणार होतीस तर मला कशाला आणलंस? शोभेला?"

"बघायचं ते मी बघितलं," ती म्हणाली. "मला ऐकू येत नाही गाडी. ती पोरगी म्हणाली, काकू, डिझेलचा गियरबॉक्स ऐकायला मास्तरच हवेत. आता उतारावरून नेते. तुम्ही सांगा, घ्यायची की नाही. तुम्ही नाही म्हणालात तर नाही."

डॉक्टर येऊन बसले. गाडी निघाली.

मी डोळे मिटले. मिटले काय, नाही मिटले काय. उतार लागला तसा गियर एकेक खाली येत गेला, कुठं अडखळला नाही. पुढं सपाट रस्त्यावर तिनं जोर दिला. इंजिनाचा आवाज आणि गाडीचा वेग बरोबरीनं चढले. म्हणजे गियर घसरत नव्हता. फक्त माझ्या पायाखालून एक बारीक घूं-घूं येत होतं. डाव्या वळणाला कमी व्हायचं, उजव्या वळणाला वाढायचं. पुढच्या डाव्या चाकाचं बेअरिंग. किरकोळ काम.

पण ते किरकोळ आहे हे मला एकट्यालाच माहीत होतं. 'गियरबॉक्स गेलाय' एवढे दोन शब्द बोलायचे होते. ती नाही म्हणणार नव्हती, तिनं तसा शब्द दिला होता. मग गाडी नाही, दवाखाना नाही, आणि घरात गाडी येणारा माणूस पुन्हा मी एकटाच. आहे तेवढं दिसेपर्यंत तरी. ते शब्द अगदी जिभेवर आले होते. डॉक्टरांच्या दारात तिनं गाडी लावली, दांडा पार्कला नेला, हँडब्रेक ओढला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून माझ्याकडे वळली. तिचे हात कडेला होते, म्हणून मला नीट दिसले. ते थरथरत होते. सगळा रस्ताभर थरथरत असणार. मी ब्रेक शोधण्यात गुंतलो होतो.

"डॉक्टर," मी म्हणालो, "पुढच्या डाव्या चाकाचं बेअरिंग बदलावं लागेल, ते तुमच्याकडं. बाकी गाडी घेण्यासारखी आहे. गियरबॉक्स लोण्यासारखा चालतोय."

"नक्की?" बायकोनं विचारलं.

"मास्तरला विचारतेस?"

डॉक्टर कागद आणायला आत गेले. ती स्टिअरिंगवरून बोट फिरवत बसली. मग हळूच म्हणाली, "एक राहिलंय. हायवेवर मी गाडी अजून घातलेली नाही. ती पोरगी म्हणाली, तिथं शेजारी पक्का माणूस हवा. मला भीती वाटते."

मी समोर बघितलं. ठिपका होता तिथंच होता, पण त्याच्या भोवती रस्ता होता, झाडं होती, एक ट्रक रडत-रडत चढावर चालला होता. आवाजावरून त्याचा तिसरा गियर जायला झाला होता.

"गाडी घरी आली की दुसऱ्या दिवशी सकाळी," मी म्हणालो. "आणि पायात चपला नकोत."