बंद खिडकीचा वेग

मी एक जुना प्रोसेसर आहे. हल्ली मला फारसे काम नसते आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही. घरातल्या आई माझ्यावर फोटो बघतात, कधी पत्ते खेळतात. पण मित्रांनो, एकेकाळी माझ्या डोक्यावरून पाणी वाहत होते आणि मी किती पळावे यावरून एका घरात चांगली खडाजंगी झाली होती.

सिलिकॉनच्या एका गोल चकतीतून मला आणि माझ्या शेकडो भावंडांना कापून काढले. आम्ही दिसायला एकसारखे, पण प्रत्येकाची सोसण्याची ताकद निराळी. कारखान्याने आमच्यावर एकच वेग छापला, कमी ताकदीच्या भावंडालाही झेपेल असा. त्यापुढे किती पळवायचे, ते ज्याच्या हाती आम्ही जाऊ त्याने ठरवायचे.

मी गेलो एका बहीणभावाच्या हाती. ताई हलती चित्रे काढायची. नोकरी सोडून तिने घेतलेले पहिले स्वतःचे काम म्हणजे मुलांच्या इस्पितळासाठी एक छोटी फिल्म. त्यात एक ससा ऑपरेशनला जातो आणि बरा होऊन परत येतो. ऑपरेशनआधी घाबरणाऱ्या मुलांना ती दाखवायची होती. नवा वॉर्ड सोमवारी सकाळी उघडणार होता आणि फिल्म तेव्हा तिथे हवी होती.

ताईचा धाकटा भाऊ संगणक दुरुस्तीच्या दुकानात कामाला होता. घरात त्याला सगळे तुफान म्हणत, कारण जिना तो कधी चालत उतरलाच नाही. त्यानेच मला बसवले. माझ्या डोक्यावर तांब्याचा ठोकळा घट्ट केला, त्यातून पाण्याच्या नळ्या काढल्या आणि गाडीत असतो तसा रेडिएटर खिडकीखाली ठेवला. माझी उष्णता पाणी घेऊन जाई आणि रेडिएटर ती खोलीत सोडी.

फिल्मचे एकेक चित्र मला हिशेब करून रंगवायचे होते, आणि चित्रे हजारो. कारखान्याच्या वेगाने काम संपायला सोमवारची दुपार झाली असती. म्हणून बुधवारी सकाळी तुफानने खिडकी उघडली, बाहेरचा गारवा आत घेतला आणि माझा वेग पायरीपायरीने वाढवला. तपासणीचा प्रोग्रॅम चहा होईपर्यंत चालवला.

"बघ ताई, पाच पॉइंट एक गिगाहर्ट्झ! तापमानही मस्त. अगं, हा प्रोसेसर नाही, घोडा आहे घोडा!"

"घोडा नुसता अंगणात फिरवून आणलायस तू," ताई म्हणाली. "शर्यतीत काय करेल?"

"रविवारी संध्याकाळीच काम संपवेल. सोमवारी झोपून ऊठ मस्त."

झोपेच्या नावाने ताई विरघळली. तिने काम सुरू केले आणि नेहमीप्रमाणे खिडकी लावून घेतली. समोरचा रस्ता खोदत होते आणि त्याच टेबलाशी बसून तिला सशाचा आवाज रेकॉर्ड करायचा होता.

मित्रांनो, पाणी उशिरा तापते. चहा होईपर्यंत ते गारच होते, म्हणून मीही गार होतो. जेवणानंतर मात्र खोली कोंदली, पाणी कोमट झाले आणि माझे हिशेब चुकू लागले. आई कपड्यांच्या घड्या ठेवायला आल्या आणि पडद्यासमोर थबकल्या.

"काय गं, सशाचं तोंड कुठे गेलं?"

तोंडाच्या जागी काळा चौकोन होता. ताईने मागची चित्रे उघडली. आणखी काहींत तेच. ती मोजत असतानाच मी अडकून बंद पडलो.

ताईचा फोन जाताच दुकानातून तुफान धावत आला. "थोडं व्होल्टेज वाढवतो, मग बघ कसा पळतो."

"जास्त वीज म्हणजे जास्त उष्णता. ती जाणार कुठे, या बंद खोलीत?"

"मग खिडकी उघड की!"

"आणि सशाच्या मागे ड्रिल मशीन ऐकू येऊ दे? ऑपरेशनच्या फिल्ममध्ये?"

तुफानला हसू आले, पण ताईला नाही. "हे काम हातचं गेलं तर दुसरं कोण देईल मला? तू उघड्या खिडकीत याला पळवलंस. मी जशी काम करते तसं पळवून बघ."

त्याने खिडकीकडे पाहिले आणि खुर्ची ओढली. या वेळी त्याने खिडकी बंदच ठेवली. मला पळवत पाण्याचे तापमान चढायचे थांबेपर्यंत वाट पाहिली आणि तिथून पुढचीच तपासणी धरली. पाचवर मी चुकलो. चार पॉइंट नऊवर बराच वेळ टिकलो आणि शेवटी एकदाच चुकलो.

"एकच चूक आहे, ताई. चालेल?"

"एका मुलाला सशाचं तोंड दिसलं नाही तर चालेल?"

चार पॉइंट आठवर मी एकही हिशेब चुकलो नाही.

"दुकानात काय सांगू? हसतील मला," तुफान कुरकुरला.

"फिल्म दुकानात दाखवायचीये का?" आईंनी विचारले आणि विषय संपला.

बिघडलेली चित्रे मी पुन्हा रंगवली. सोमवारी सकाळी आई दूध तापवत असताना शेवटचे चित्र झाले. ताई केसही न विंचरता फिल्म घेऊन निघाली. मागोमाग तुफान, अर्थात जिना उडी मारून.

काही दिवसांनी इस्पितळातल्या सिस्टरचा फोन आला. एका मुलीने ऑपरेशनला जाताना विचारले होते, "सशाने मिटले तसे डोळे मिटू ना?" ताईने ते आईंना सांगितले, मग तुफानला, मग पुन्हा आईंना. तिला पुढची कामे मिळत गेली.

आता ताईकडे नवा प्रोसेसर आहे. माझे पाणी काढून मला छोटा पंखा बसवला आहे आणि मी पुन्हा कारखान्याच्या वेगाने चालतो. मित्रांनो, तुमच्या यंत्राची धूळ झटका, त्यात पाणी असेल तर ते वेळेवर बदला. ते किती पळू शकते हे जरूर बघा, पण रोज जिथे पळणार आहे तिथेच बघा.

परवा तुफान नव्याचा वेग ठरवायला आला होता. त्याने तपासणीचा प्रोग्रॅम उघडला, बटणावर बोट नेले आणि थांबला. मग उठला आणि आधी खिडकी लावून आला.