एक खाकरणं

धाकट्याचं विमान फक्त साडेतीन मीटर बाजूला सरकलं आणि दादाच्या पोटात दुखायला लागलं.

खरं तर आनंद व्हायला हवा होता. सख्खा भाऊ! त्याला सायकल शिकवली ती यानंच. पण छे! काल त्याच खुर्चीत दादा होता, तेव्हा विमान आठ मीटर नव्वद सरकलं होतं. नऊच्या पुढे गेलं असतं तर सरळ नापास. आणि म्हणे बावीस वर्षांचा अनुभव!

चाचणी सांगायला सोपी. विमान धावपट्टीवर सुसाट निघालं की शेजारच्यानं एक इंजिन बंद करायचं. कोणतं, कधी, अवाक्षर काढायचं नाही. विमान त्या बाजूला ओढ घेतं. चालवणाऱ्यानं नुसता पाय दाबून ते सरळ करायचं. मग मधल्या रेषेपासून चाक किती लांब गेलं ते मोजायचं. दोघे भाऊ आळीपाळीनं चालवत होते; एक चालवायचा तेव्हा दुसरा शेजारी. ज्याचे आकडे चांगले, तोच हे विमान पहिल्यांदा आकाशात नेणार होता.

दुपारी दादा विमानातलं रेकॉर्डिंग ऐकायला बसला. धाकट्याच्या चुका काढायलाच, दुसरं काय!

"खं." आणि लगेच इंजिनाचा आवाज पडला.

पुढच्या फेरीत पुन्हा, "खं."

अरेच्चा! हा तर आपलाच घसा. इंजिन बंद करायच्या आधी आपण खाकरतो आणि हा लबाड ते ऐकून पाय तयार ठेवतो! दादा उड्या मारायचाच बाकी होता. धाकट्याला दंडाला धरून त्यानं चाचणीप्रमुख बाईंसमोर उभं केलं.

"याचे आकडे रद्द करा. याला आधीच कळत होतं!"

"कळत होतं," धाकटा खाली मान घालून म्हणाला. "पहिल्या दिवशीच सांगायला हवं होतं. चुकलंच माझं."

दादाला कसं गार गार वाटलं.

"मग तुमच्याही फेऱ्या ऐकू या, कॅप्टन," बाई म्हणाल्या.

"ऐका की! माझ्या वेळी हा मख्खासारखा बसला होता."

बाईंनी बटण दाबलं.

"खं." इंजिन बंद पडलं.

हा घसा दादाचा नव्हता.

दुसऱ्या फेरीत, "खं." तिसऱ्या फेरीत तर चांगलं मोठ्यानं, "खं, खं."

धाकट्याचे कान लाल झाले. "मला फायदा मिळतोय, तर तुलाही मिळावा म्हणून... तिसऱ्यांदा तर किती जोरात खाकरलो, दादा. तुला ऐकू नाही आलं?"

नव्हतं आलं. तेव्हा दादाच्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती: याच्यापेक्षा कमी, याच्यापेक्षा कमी.

बाईंनी दोघांचेही आकडे खोडले. "उद्या सगळं पहिल्यापासून. आणि घसे घरी ठेवून या."

दादाला काहीतरी बोलायचं होतं. त्यानं घसा खाकरला.

समोर उभ्या धाकट्याचा पाय आपोआप पुढे सरकला.