माझ्या पोच्याला मिळालेली मते

मित्रांनो, रायपूरला पुरानी बस्तीच्या एका गल्लीत मारुतीचे लहानसे देऊळ आहे. त्याच्या सभामंडपात, खांबाला टेकून ठेवलेली एक काळी ट्रंक तुम्हाला दिसेल. ती मी. माझ्या पोटात टाळ आहेत, चिपळ्या आहेत, आरतीची पुस्तके आहेत आणि कापराची एक डबी आहे. इतकी वर्षे देवाच्या पायाशी राहून माझे मन शांत व्हायला हवे होते. ते झालेले नाही. माझ्याकडून एक अपराध झाला आहे. मारुतीरायाला तो ठाऊक आहे; आज तुम्हालाही सांगते.

माझा जन्म जबलपूरचा. छावणीच्या फाटकाबाहेर एका कारागिराचे दुकान होते. त्याने पत्रा कापला, कडा दुमडल्या, खिळे ठोकले आणि काळा रंग देऊन मला उन्हात वाळत ठेवले. दुसऱ्याच दिवशी एक तरणा शिपाई आला आणि त्याने माझ्या झाकणावर पांढऱ्या रंगात आपले नाव लिहून घेतले : बाबाराव भोयर, रायपूर.

बाबाराव फौजेत लांगरी होते, म्हणजे जवानांचा स्वयंपाक करणारे. जिथे डाळ शिजायला दोन-दोन तास लागतात, अशा उंचीवर त्यांनी सतरा वर्षे डाळ शिजवली. एकदा बर्फाने रस्ता बंद झाला, तेव्हा रोट्यांचे गाठोडे पाठीला बांधून ते वरच्या चौकीपर्यंत चालत गेले. परत आले तेव्हा पायाची दोन बोटे काळी पडली होती. ते गाठोडे खरे, ती बोटे खरी. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढे लोकांनी त्यांची जी गोष्ट केली, तिच्यात हे कुठेच नव्हते.

नोकरी संपवून आम्ही रायपूरला आलो. स्टेशनाबाहेर सायकलरिक्षा केली. पहिल्याच वळणावर ती कलंडली. मी खाली पडले आणि नालीच्या दगडी काठावर आपटले. माझ्या उजव्या अंगाला नारळ मावेल एवढा पोचा पडला. घरी शारदाकाकूंनी, म्हणजे बाबारावांच्या पत्नीने, तो पाहिला.

“सतरा वर्षं फौजेनं सांभाळली, अन् तुमच्यानं स्टेशनापासून घरापर्यंत नाही आणवली.”

“रिक्षावाला नवा होता वो.”

“हव, रिक्षावाला नवा होता. तुम्ही तं जुनेच हाव.”

पोच्याची खरी गोष्ट एवढीच आहे, मित्रांनो.

बाबाराव भनपुरीच्या एका गोदामात पहारेकरी म्हणून लागले. मी काही वर्षे खाटेखाली गोधड्या सांभाळत पडून राहिले. पुढे नवे राज्य झाले, रायपूर राजधानी झाली. लाल दिव्यांच्या गाड्या फिरू लागल्या, रस्ते रुंद झाले. आमच्या गल्लीत नळाला पाणी मात्र पूर्वीसारखेच करंगळीएवढे येई. त्याच सुमारास देवळाला टाळ ठेवायला काहीतरी हवे होते, म्हणून बाबारावांनी मला देवाला दिले.

ते दिवस माझ्या सुखाचे होते. पांडुरंगबुवांचे कीर्तन असले की मी त्यांच्या हाताशी असे. माझ्यावर बुक्क्याची वाटी आणि हाराचे ताट ठेवीत. बुवा पूर्वरंगात अभंग असा उलगडत, की एकेक शब्द आईने हात धरून आणलेल्या लेकरासारखा समोर येई. उत्तररंगात आख्यान लागले की बसल्या जागी माणसे डोळे पुशीत. अंजनाबाई नावाच्या एक म्हाताऱ्या बाई सर्वांच्या आधी येत आणि पाठ दुखते म्हणून मला टेकून बसत. त्यांच्या पाठीची ऊब मला चांगली आठवते.

नवे राज्य चार वर्षांचे झाले, त्या नवरात्रातली गोष्ट. बुवा मारुतीचे आख्यान लावून उभे होते. रंग भरला होता. समोर बाबाराव बसलेले त्यांना दिसले आणि बुवांचे मन भरून आले. त्यांनी माझ्या अंगावर हात ठेवला.

“हा पोचा पाहा, मंडळी. सीमेवरून तोफेचा गोळा आला अन् या ट्रंकेले चाटून गेला. आमचे बाबाराव दोन हात पलीकडे उभे. कोणी राखलं त्यायले? ज्यानं द्रोणागिरी उचलला, त्यानं राखलं.”

मृदंग घुमला. सारा मंडप नामघोषात बुडाला. बाबाराव अर्धवट उठले आणि पुन्हा खाली बसले. कीर्तनात बुवांना मधेच कोणी टोकत नाही. आमच्याकडे ते पाप समजतात. आरती झाल्यावर लोक त्यांच्या पाया पडू लागले. अंजनाबाईंनी माझ्या पोच्यावर तळवा ठेवला आणि तो आपल्या कपाळाला लावला.

देऊळ रिकामे झाले. शारदाकाकू केर काढता काढता म्हणाल्या, “बुवाले सांगून टाका.”

“आता काय सांगू? चारशे लोकांत बुवा खोटे पडतीन. कीर्तनातली गोष्ट आहे, विसरतीन लोकं.”

“लोकं विसरत असते तं बुवा कीर्तन काहून करते?”

बाबाराव सतरंजीची घडी घालू लागले. आणि मी? खरे सांगते, मला आवडले होते ते. आयुष्यभर खाटेखाली पडलेल्या पत्र्याला पहिल्यांदा कोणी नमस्कार केला होता. माझ्या अपराधाची सुरुवात तिथे आहे.

दोन महिन्यांवर पार्षदाची, म्हणजे नगरसेवकाची, निवडणूक होती. देवळाच्या ओट्यावर गल्लीतली मंडळी जमली. देवळाचा कारभार पाहणारे नाना बोलायला बसले.

“विनायकराव काय वाईट आहे? पंडरी बाजारात तीन मजली कपड्याचं दुकान. ज्याचं पोट भरलं आहे, तो आपलं काहून खाईन? बाप बी नगरपालिकेत होता. घरालेच खुर्चीची सवय आहे.”

“पोट भरलेलाच तं दुसऱ्यांदा वाढून मागते, नाना,” अंजनाबाई म्हणाल्या. “तुह्याच घरच्या पंगतीत पाहिलं मी.”

सगळे हसले. नानाही हसले. “बरं, मंग आपले बाबाराव. ज्यानं गोळा झेलला, त्याच्यानं नाली साफ होणार नाही काय?”

ओट्याच्या पायरीखाली माया उभी होती, खांद्याला औषधांची पिशवी. ती मितानिन होती. आमच्याकडे घरोघर जाऊन बाळंतिणींची, तापकऱ्यांची विचारपूस करणाऱ्या बाईला मितानिन म्हणतात.

“नाना, नालीची गोष्ट नाही ते. देवळामागं पिण्याच्या पाण्याचा पाइप नालीतून चालला आहे. पार गंजला आहे. उन्हाळ्यात फुटला तं नालीचं पाणी घरोघर जाईन अन् पीलिया येईन. मी चारदा पालिकेच्या कचेरीत जाऊन आली. मले निवडून द्या, पहिलं काम तेच करीन.”

“तू चांगलीच आहेस, मायाबाई. पण पार्षद म्हणजे कसं, नाव घेतल्याबरोबर साहेब उठून उभा राहिला पाहिजे. तुले पाहून कोण उठन?”

“साहेब उठून काय करते, नाना? पाइप उठला पाहिजे.”

नाना पुन्हा बाबारावांच्या गोळ्याकडे वळले. माया पलीकडच्या बौद्ध पाऱ्यातली, म्हणजे मोहल्ल्यातली, होती. तापात तिच्या हातची गोळी सगळ्यांना चालत असे. मत देण्याची वेळ आली, तेव्हा मात्र लोकांना तिचा पारा आठवला. ओट्यावर हे कोणी उच्चारले नाही. मी रोज त्यांच्यात बसत होते, म्हणून मला कळले.

बाबारावांनी एकदा नानांना गाठून सांगितले, “नाना, तो पोचा रिक्षातून पडून आला आहे.” नाना मोठ्याने हसले. “असंच असते फौजी माणूस. आपल्या तोंडानं कधी सांगणार नाही.” बाबारावांनी पुन्हा सांगायला हवे होते. पण त्यांनी मान खाली घातली, आणि मला वाटते, त्या घटकेला त्यांना जरा हलकेही वाटले असावे.

मग बाबारावांचा अर्ज भरला गेला आणि प्रचारासाठी मला हातठेल्यावर चढवले. पोचा बाहेरच्या बाजूला केला, त्याच्याभोवती कुंकू ओढले, झेंडूच्या माळा घातल्या. ठेल्यापुढे बुवा स्वतः झांज घेऊन चालले. दारादारांतून बाया मला ओवाळू लागल्या. विनायकरावांनी ब्लँकेटे वाटली. लोकांनी ती घेतली आणि माझ्या पाया पडले. माया एकटीच, चपला घासत, घराघरांत पाइपाचे सांगत फिरत होती. बाबाराव एकशे बारा मतांनी निवडून आले. दुसऱ्या क्रमांकावर माया होती.

त्यानंतर बाबाराव संध्याकाळी देवळात येऊन माझ्याजवळ बसत. माया तिथे त्यांना गाठी.

“काका, काय झालं पाइपाचं?”

“साहेब म्हणते, मार्चनंतर पाहू.”

“मंग तुम्ही काय म्हटलं?”

“हव म्हटलं. साहेब आहे ना तो.”

“मार्च गेला, काका.”

“चहा पाजते तो मले. फौजी म्हणून उठून उभा राहते. आता त्याले उलटून कसं बोलू?”

बाबाराव वाईट माणूस नव्हते, मित्रांनो. फौजेत हुकूम उलटा विचारायचा नसतो, आणि तसे ते होते म्हणून चौकीवरच्या जवानांना वेळेवर जेवण मिळाले. पण इथे तोच प्रश्न पाचव्यांदा विचारणारे माणूस हवे होते. ते खांद्याला औषधांची पिशवी घेऊन पायरीखाली उभे होते. तेव्हा मला पहिल्यांदा कळले, की तो गोळा खरा असता तरी काय झाले असते? तोफेच्या गोळ्यासमोर टिकलेल्या ट्रंकेला पाइप कुठून फुटतो हे थोडेच कळते?

मे महिन्यात पाइप फुटला. नळाला वास येऊ लागला. अकरा घरांत पीलिया, म्हणजे कावीळ, झाला. ज्या घरांनी तिला मत दिले नव्हते, त्यांच्या दारातही माया उभी राहून सांगे, “पाणी उकळूनच प्या, वहिनी. या गोळ्या घ्या, घागरीत टाका.” अंजनाबाईंचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते, तरी त्या कीर्तनाला आल्या आणि मला टेकून बसल्या. त्या दिवशी त्यांची पाठ चुलीसारखी तापलेली होती. मायाने आपल्याच पैशाने रिक्षा करून त्यांना दवाखान्यात नेले. आठव्या दिवशी त्या गेल्या.

त्यांनी माझ्या पोच्याला हात लावून मत दिले होते. हे मी कोणत्या देवापुढे ठेवू?

तेरावे झाल्यावर बुवांचे कीर्तन होते. नमन झाले, पूर्वरंगाला नुकतीच सुरुवात झाली होती, आणि बाबाराव उभे राहिले. बुवा थांबले. मृदंगावरचा हात थांबला.

“बुवा, माफी असू द्या. मी मधात बोलून राहिलो. मांग नाही बोललो, त्याचंच हे झालं.” त्यांनी माझ्याकडे बोट केले. “इले गोळा नाही लागला. स्टेशनापाशी रिक्षा कलंडली, तिथं हे ठेचली. मी लांगरी होतो. पोळ्या लाटत होतो. तुम्ही मले गोळ्यासाठी मत दिलं, अन् मी ते ठेवून घेतलं. अंजनाबाई ज्या पाइपानं गेली, तो पाइप मले मायानं सहा वेळा सांगितला. मी साहेबाले एकदा बी नाही म्हटलं नाही.”

मागून कोणीतरी पुटपुटले, “मंग आता काय राजीनामा देतं का?” पण बुवांनी हात वर केला. त्यांनी चिपळ्या खाली ठेवल्या, गळ्यातला हार काढला आणि तो माझ्यावर न ठेवता जमिनीवर ठेवला.

“बाबारावानं तं ऐकून घेतलं,” ते म्हणाले. “बोललो मी. देवाच्या नावानं रंग भरला, अन् ज्याची खात्री नाही ते तुमच्या कानात घातलं. मारुतीरायानं बी कधी न केलेलं काम केल्याचं सांगितलं नाही. मोठी चूक माही आहे.”

त्या दिवशी उत्तररंग झाला नाही.

शारदाकाकूंनी मायाला हाताला धरून मंडपात आणले. मायाने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, “काका, रडणं मंग करू. उद्या सकाळी माह्यासंग कचेरीत चला. साहेब तुमच्यासाठी उभा राहते ना? राहू द्या उभा. बोलीन मी. तुम्ही फक्त खुर्चीवरून उठू नका.”

दुसऱ्या दिवशी ते दोघे गेले. मागे बुवा, नाना, शारदाकाकू आणि अकरा घरांतली माणसे. दुपारी साहेब चहा घ्या म्हणाला, तेव्हा बाबाराव नाही म्हणाले. एकोणीस दिवसांत पाइप नालीतून निघाला. उरलेली साडेचार वर्षे बाबाराव मायाला विचारल्याशिवाय कुठे गेले नाहीत, आणि पुन्हा निवडणुकीला उभे राहिले नाहीत.

पुढच्या निवडणुकीत माया जिंकली, असे तुम्हाला सांगता आले असते तर मला किती बरे वाटले असते. ती हरली. लोकांना नवा पाइप आठवत होता, पण त्या हिवाळ्यात विनायकरावांची ब्लँकेटे अधिक जाड होती. म्हणूनच ही कहाणी मला अजून सांगावी लागते.

मित्रांनो, धन असणे पाप नाही. चांगल्या घरात जन्मणे हा कोणाचा दोष नाही. देशाच्या सीमेवर सतरा वर्षे डाळ शिजवणे ही तर मोठी सेवा आहे. तिला मान द्या, पाया पडा, घरी जेवायला बोलवा. पण मान देणे वेगळे आणि गल्ली हाती सोपवणे वेगळे. मी पत्र्याची आहे, मला तेव्हा बोलता आले नाही. बोलता आले असते तर बोलले असते, असेही मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. त्या माळा मला फार आवडल्या होत्या. तुम्हाला मात्र देवाने वाचा दिली आहे. उद्या तुमच्या बोटाला शाई लागण्याआधी तुमच्या दारात कोणी येईल. त्याच्यामागे मोटारी असतील, बापाचे नाव असेल, नाहीतर छातीवर पदके असतील. त्याला नमस्कार करा, बसायला द्या, आणि विचारा, आमच्या घरी पाणी कुठून येते हे तुम्हाला ठाऊक आहे का? तो उत्तर देईपर्यंत हार आपल्या हातातच राहू द्या.