चोवीस विळे

आयुर्वेदाच्या तोंडी परीक्षेत मुळगावच्या गौरवीने सांगाड्याची बरगडी हातात घेऊन ‘पर्शुका’ हे नाव बिनचूक सांगितलं, पण परीक्षकांचं तेवढ्याने भागेना. “हा शब्द आला कुठून?”

“परशूवरून. परशुरामाच्या.” गोव्याची भूमी ज्याने समुद्रातून काढली, तोच आठवणार ना पोरीला!

“परशू नव्हे, पर्शु!” परीक्षक खो खो हसले. “आयुर्वेदाला संस्कृत लागतं, बाई. आई काय करते तुझी?”

“भात कापते.”

“मग तूही विळाच धर. गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला म्हणून सगळ्यांनीच वैद्य व्हायचं काय?”

गौरवीच्या मस्तकात तिडीक गेली. “धरीन विळा. पण पर्शु म्हणजे काय, ते सांगा आधी.”

परीक्षकांनी टेबलावरचा संस्कृत-मराठी कोश ओढला आणि ते मोठ्याने वाचू लागले, “पर्शु. बरगडी. तसाच वाकडा सुरा...” पुढचा शब्द त्यांच्या ओठांतच राहिला.

गौरवीने वाकून तो वाचला. “विळा.”

हातातली वाकडी बरगडी तिने त्यांच्यापुढे ठेवली. “माझ्या आईच्या हातात एकच असतो, सर. तुमच्या छातीत चोवीस आहेत. आता हसा बघू.”