घरापासून दहा मिनिटं

दिराने दोन्ही चिठ्ठ्या टेबलावर ठेवल्या आणि पंख्याने उडू नयेत म्हणून गळ्यातली मापाची टेप काढून त्यांवर ठेवली. शिंप्याच्या गळ्यातली टेप घरी आल्यावरही निघत नसे.

एक चिठ्ठी जवळच्या इस्पितळाची, दुसरी सहा तासांवरच्या मोठ्या इस्पितळाची. दुखणं त्याच्या थोरल्या भावाला झालेलंच. ऑपरेशनही तेच.

"इथंच करतो, वहिनी. घरापासून दहा मिनिटं. तिकडं तुमचा डबा कुठे मिळणार? तिथलं खाऊन मी ऑपरेशनच्या आधीच जायचो."

तो हसला. तिला हसू आलं नाही.

दोन वर्षांपूर्वी नवरा मोठ्या इस्पितळात जायचं म्हणत होता. जवळच करू, असा हट्ट तिने धरला. दोन्ही वेळा गरम डबा पोचेल म्हणून. चार दिवस पोचला. पाचव्या दिवशी भरलेलाच घरी परत आला.

त्याचे कपडे पिशवीत भरताना तिथल्या नर्सबाई हळूच म्हणाल्या होत्या, "डॉक्टरांनी जीव तोडून केलं हो. पण असली ऑपरेशनं इथं वर्षाला तीन-चार. तिकडं रोजची. सगळ्यांचा हात बसलेला असतो, काही बिघडलं तर लगेच लक्षात येतं."

हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगायचं तर हट्ट कुणाचा होता, तेही सांगावं लागलं असतं.

"भाऊजी, वर्षाला एक कोट शिवणाऱ्याकडे तुम्ही आपलं कापड टाकाल?"

"छे! कापड वाया जायचं. पण त्याचं इथं काय?"

आता बोलायला हवं होतं.

"मला डबा नाही जमणार," ती म्हणाली.

"अं?"

"तुमच्या दादांच्या वेळी केलं. आता नाही होणार माझ्याच्यानं."

दिराचा चेहरा पडला. तीस वर्षांत तिने त्याला कधी उपाशी जाऊ दिलं नव्हतं. त्याने टेप गळ्यात अडकवली, मोठ्या इस्पितळाची चिठ्ठी घडी करून खिशात घातली.

"बरं झालं, आधीच कळलं," एवढंच म्हणून, चहा तसाच ठेवून तो गेला.

ती टेबलापाशी बसून राहिली. हा राग त्याला खूप खूप वर्षं धरता यावा, एवढंच तिने मनातल्या मनात मागितलं.